दाट रानातल्या हिरव्या उजेडात टिपलेले छोटे पक्षी : संपादन कुठवर करावे?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

सर्व पक्षीमित्रांना नमस्कार.

सोबत एकाच क्षणाची तीन रूपे जोडली आहेत : कॅमेऱ्यातून आलेली रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) जशीच्या तशी, आणि तिच्यावर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले संपादन. पक्षी टिकेलचा निळा माशीमार, म्हणजेच नीलिमा, नर. जागा जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे दाट रान, वेळ सकाळी आठच्या सुमाराची, आभाळ भरलेले. ६०० मिमीची लेन्स, अपर्चर एफ ६.३, शटर १/३२० सेकंद, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००. पक्षी साधारण बारा मीटरांवर एका वेलीवर आडवा बसला होता.

चर्चा मला मुख्यतः एका प्रश्नावर हवी आहे. बेळगावच्या पश्चिमेकडील रानात, मग ते कणकुंबी असो, चोर्ला असो की भीमगडचा परिसर असो, जमिनीलगतच्या झुडपांपर्यंत पोहोचणारा उजेड पानांच्या अनेक थरांतून गाळून आणि पानांवरून परावर्तित होऊन येतो. हा उजेड हिरवा असतो. आपले डोळे थोड्या वेळात त्याला सरावतात आणि माशीमाराचे पोट आपल्याला पांढरेच दिसते. कॅमेरा मात्र ते फिकट पोपटी नोंदवतो.

पहिल्या संपादनात मी व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (‘हा भाग रंगहीन धर’ असे सॉफ्टवेअरला सांगणारे साधन) थेट पोटावर टेकवला. पोट शुभ्र झाले, पण त्यासाठी सॉफ्टवेअरने टिंट (हिरवा ते मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळा, असा रंगाचा कल) मॅजेंटाच्या बाजूला इतका सरकवला की पाठीचा निळा रंग जांभळ्याकडे झुकला आणि मागची पाने वाळल्यासारखी करडी-तपकिरी दिसू लागली. दुसऱ्या संपादनात संपूर्ण चित्राचा टिंट अगदी थोडा हलवला, पक्ष्यापुरता मास्क (बदल ठरावीक भागापुरताच ठेवणारी निवड) घेऊन त्यात आणखी थोडी दुरुस्ती केली आणि पोटावर हिरव्याची पुसट झाक राहू दिली. माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. ज्या रानात पक्षी बसला होता, त्या रानाच्या उजेडाची खूण त्याच्या अंगावर राहिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ती किती राहू द्यावी याचे माप मात्र प्रत्येक जण वेगळे सांगतो, आणि त्यावरच आपले विचार वाचायला आवडतील.

एक विनंती आहे. प्रतिसादात चित्राचा नेमका भाग सांगावा, तिथे काय खटकते ते लिहावे आणि शक्य असल्यास ते कशाने सुधारेल हेही लिहावे. ‘अप्रतिम’ या एका शब्दाने छायाचित्रकाराला आनंद होतो, पण पुढच्या फाइलवर काम करताना त्याचा काही उपयोग होत नाही.

रानवाट

तिन्ही चित्रे संगणकावर मोठी करून पाहिली. आधी जे जमले आहे ते लिहिते. पक्षी आडवा बसल्यामुळे चोचीपासून शेपटीपर्यंत सगळा एकाच फोकसच्या पातळीत आला आहे. वेलीचा बाक पक्ष्याच्या पाठीच्या बाकाशी जुळतो. आणि पक्षी ज्या दिशेला पाहतो आहे तिकडे तुम्ही जागा मोकळी सोडली आहे. क्रॉप, म्हणजे कडांची कापणी, याहून घट्ट करू नये.

आता मतभेद. तुमच्या दुसऱ्या संपादनातही माझी नजर सर्वांत आधी पोटाच्या खालच्या भागावर जाते, आणि ती तिथे पांढरेपणामुळे जात नाही, हिरवेपणामुळे जाते. तुम्ही म्हणता की रानाच्या उजेडाची खूण राहावी. पण चित्र पाहणारा माणूस टिळकवाडीतल्या आपल्या घरात ट्यूबलाइटखाली बसलेला आहे. त्याचे डोळे त्या हिरव्या उजेडाला सरावलेले नाहीत. रानात उभे असताना मेंदूने जी दुरुस्ती आपोआप केली, ती त्याच्यासाठी कोणीतरी करून द्यावी लागते, आणि ते काम संपादनाचे आहे. तुम्हाला तिथे पोट पांढरे दिसले होते ना? मग त्यालाही ते पांढरे दिसले पाहिजे.

पहिल्या संपादनातील जांभळी पाठ मलाही मान्य नाही. माझ्या मते मधला मार्ग असा : संपूर्ण चित्राचा टिंट दुसऱ्या संपादनाइतकाच ठेवावा, आणि पक्ष्याच्या मास्कऐवजी केवळ पोटाचा आणि शेपटीखालच्या पिसांचा वेगळा मास्क घेऊन त्यात हिरव्याचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) कमी करावे. पाठ त्यात येत नाही, त्यामुळे निळ्याला धक्का लागत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्याची. नराचा गाल गडद निळा, डोळा काळा. दोन्ही मिसळून एकच काळा डाग झाला आहे. डोळ्यात आभाळाचा एक बारीक ठिपका आहे, तोही हरवतो आहे. गालाच्या भागात शॅडो, म्हणजे गडद छटा, थोडे उचलले (उजळले) तर डोळ्याची कड सुटी होईल. डोळा पांढरा करून चमकवण्याची जी पद्धत अलीकडे दिसते ती मात्र कृपया टाळावी.

निपाणीचे गुरुजी

धागा वाचून समाधान वाटले. या प्रश्नामागे थोडे भौतिकशास्त्र आहे. ते समोर ठेवले तर स्लायडर किती हलवायचा याचा अंदाज बांधता येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माशीमाराच्या पाठीचा निळा रंग कोणत्याही निळ्या रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या तंतूंमधील केराटिनची अतिसूक्ष्म, स्पंजासारखी रचना निळा प्रकाश परत फेकते, म्हणून पीस निळे दिसते. छातीचा नारिंगी रंग मात्र मेलॅनिन गटातील रंगद्रव्याचा. याचा अर्थ असा की पाठीवर येणाऱ्या उजेडातच निळा अंश कमी असेल, तर पाठ परत काय फेकणार? ती मळकट, पोलादी दिसते. हिरव्या उजेडात नारिंगी छातीही ओढलेली, मातकट होते. पोटावरची झाक सर्वांना दिसते, कारण पांढऱ्यावर ती झाकता येत नाही. प्रत्यक्षात ती झाक सर्वांगावर असते. म्हणून रानवाटताईंचा केवळ पोटाचा मास्क मला पटत नाही. पोट पांढरे आणि छाती मातकट राहिली, तर एकाच पक्ष्यावर दोन वेगळे उजेड पडल्यासारखे दिसेल. त्या रानात तसा उजेड नव्हता.

दुसरा मुद्दा नॉइजचा, म्हणजे चित्रातल्या रवाळ ठिपक्यांचा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्म्या पिक्सेलांवर हिरवा गाळक असतो, पाव भागावर लाल आणि पाव भागावर निळा. हिरव्या उजेडात हिरवा चॅनेल (त्या रंगाची नोंद) भरून येतो, लाल आणि निळा मात्र उपाशी राहतात. नंतर आपण टिंट मॅजेंटाकडे नेतो तेव्हा सॉफ्टवेअर याच दोन उपाशी चॅनेलांना वर खेचते, आणि त्यांच्यासोबत त्यांचा नॉइजही वर येतो. धागाकर्त्याच्या पहिल्या संपादनात पाठीवर जो रवाळपणा दिसतो तो केवळ आयएसओ ३२०० मुळे आलेला नाही. म्हणून अशा रानात एक्स्पोजर हिस्टोग्रामच्या (गडद ते उजळ भागांच्या आलेखाच्या) उजव्या बाजूला, पण पोट न जळेल (तपशील हरवून कोरे न होईल) इतके, ठेवावे आणि तिन्ही चॅनेल वेगवेगळे तपासावेत. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या मिळतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. एवढी मोठी रंगदुरुस्ती रॉशिवाय करू नये, असे मी ठामपणे सांगेन.

तिसरे, क्रॉपविषयी. हा पक्षी सुमारे १४ सेंमी लांबीचा. ६०० मिमी लेन्सने बारा मीटरांवरून त्याची प्रतिमा सेन्सरवर सुमारे ७.४ मिमी पडते. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी आणि तिच्यावर ६००० पिक्सेल धरले, तर चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १९०० पिक्सेल मिळतात. ही चांगली संख्या आहे. आता ४०० मिमीच्या लेन्सने त्याच अंतरावरून फुलटोच्या टिपला, तर? तो जेमतेम ८ सेंमी. हाती ७०० पिक्सेल पडतात. फुलटोच्याच्या छायाचित्रात ‘पिसांचा तपशील कमी आहे’ असा शेरा देण्याआधी समीक्षकाने हा हिशेब करावा. तो दोष संपादनाचा नसतो, आणि शार्पनिंग (कडांचा ठळकपणा) वाढवून तो तपशील येणारही नाही. तिथे एकच उपाय असतो, तो म्हणजे चित्रात पक्षी लहान ठेवून त्याच्याभोवतीचे झाड दाखवणे.

मलप्रभाकाठ

गुरुजी, चॅनेलांचा मुद्दा वाचून फाइल पुन्हा उघडली. हिरवा चॅनेल पोटावर जवळपास शेवटच्या टोकाला टेकला आहे आणि निळा मधेच रेंगाळतो आहे. म्हणजे अधिक एक्स्पोजर द्यायला तिथे फारशी जागा नव्हती. अशा वेळी पोटाचा हिरवा चॅनेल थोडा जळू द्यावा की पाठीचा नॉइज पत्करावा? मी दुसरा पर्याय निवडतो, कारण नॉइज कमी करता येतो, गेलेला पांढरा परत येत नाही.

पोटाचा वेगळा मास्क आणि संपूर्ण पक्ष्याचा मास्क या दोन्हींची तुलना करून पाहिली. शंभर टक्के मोठे करून पाहिले की गुरुजींचे म्हणणे दिसते : केवळ पोट सुधारले की छाती आणि पोट यांच्या सीमेवर एक चिकटवल्यासारखी रेषा येते. या पक्ष्यात नारिंगी आणि पांढऱ्याची सीमा मुळातच ठळक असते, त्यामुळे ती आणखी कृत्रिम भासते. डोळ्याबाबत रानवाटताईंचे म्हणणे पूर्णपणे मान्य. गाल किंचित उचलल्यावर आभाळाचा ठिपका जिवंत झाला.

घटप्रभातीर

आमच्या पूर्वेकडच्या भागात हा प्रश्न उलटा आहे, म्हणून लिहितो. गोकाक, अथणी, चिकोडीकडे पानांचे छत नाही. उघडे माळ, उसाची शेते, काळी जमीन. सकाळी साडेनऊनंतर ऊन डोक्यावर येते आणि काळी माती खालून काहीच उजेड परत देत नाही, त्यामुळे डोंबारी किंवा गप्पीदास अशा पक्ष्यांचा वरचा भाग जळतो आणि खालचा भाग काळवंडतो. याउलट बेळगाव-खानापूरच्या लाल जांभ्या मातीवर चिरक किंवा धोबी पक्षी जमिनीलगत टिपला, तर त्याच्या पोटावर तांबूस झाक येते. अनेक जण ती झाक पक्ष्याचाच रंग समजून सॅच्युरेशन वाढवतात.

माझा अनुभव असा की समीक्षकाला जागा आणि वेळ माहीत नसेल, तर रंगांविषयी त्याने दिलेला निवाडा कामाचा नसतो. या धाग्यावर प्रत्येक चित्रासोबत जमिनीचा प्रकार आणि सूर्य कुठे होता एवढे लिहिण्याची पद्धत ठेवावी, असे सुचवतो. धागाकर्त्याने ते लिहिले, म्हणून तर ही चर्चा इथवर पोहोचली.

पर्णवाचक

रंगदुरुस्ती ही केवळ सौंदर्याची बाब नाही, ओळख पटवण्याचीही आहे, ही गोष्ट इथे अजून कोणी मांडलेली नाही. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे पर्णवटवटे घ्या. हिरवा पर्णवटवट्या आणि हिरवट पर्णवटवट्या या दोघांत दिसण्याचा मुख्य फरक असा की पहिल्याच्या चेहऱ्यावर, गळ्यावर पिवळसर छटा असते आणि दुसरा खालून मळकट पांढरा असतो. दोघांच्याही पंखावर फिकट पट्टी असते. आता हिरव्या उजेडात टिपलेल्या हिरवट पर्णवटवट्याच्या चित्रात टिंट तसाच ठेवून व्हायब्रन्स (फिकट रंग गडद करणारा स्लायडर) थोडा चढवला की त्याचा गळा पिवळसर होतो, आणि पाहणारा खात्रीने त्याला हिरवा पर्णवटवट्या म्हणतो. उलट दिशेनेही हेच घडते. आवाज ऐकला नसेल, तर ही चूक पुढे कोणालाच पकडता येत नाही.

शिंजिरांतही तेच. लोटनच्या शिंजिराच्या नराला छातीवर गडद तांबूस पट्टा असतो आणि पोट काळपट तपकिरी असते. जांभळा शिंजीर खालपर्यंत गडद, धातूसारखा चमकदार. पार्श्वभूमी झगमगीत दिसावी म्हणून ब्लॅक्स (सर्वांत गडद छटा) खाली खेचले, की लोटनचा तांबूस पट्टा काळ्यात बुडतो. त्याची लांब, अधिक वाकलेली चोच तेवढी उरते, आणि चोच प्रत्येक कोनातून दिसते असे नाही. शिंजिराच्या पिसांची चमक उजेडाच्या कोनानुसार बदलते, त्यामुळे एका चित्रात हिरवा आणि पुढच्याच चित्रात जांभळा दिसणारा तोच पक्षी असू शकतो. अशा वेळी दोन्ही चित्रांचा रंग संपादनाने सारखा करणे हे त्या पक्ष्याविषयी चुकीचे सांगणे आहे.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलेली छायाचित्रे कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररी या संग्रहात कायमची जमा होतात आणि तिथे त्यांना एक ते पाच तारे देता येतात. त्या ताऱ्यांचा संबंध पक्षी किती मोठा, स्पष्ट आणि विनाअडथळा दिसतो याच्याशी आहे. पक्षी दुर्मीळ आहे की सामान्य, याच्याशी नाही. तिथे देण्याच्या प्रतीवर नाव उमटवू नये, भोवती चौकट घालू नये, आणि रंगात किमान दुरुस्ती ठेवावी. भिंतीवर लावण्याची प्रत आणि नोंदीसाठीची प्रत अशा दोन वेगळ्या प्रती ठेवणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

रानवाट

पर्णवाचक, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या म्हणण्याला आणखी बळ मिळाले. रानाची झाक राहू देणे आणि ओळख बिघडणे यांत अंतर फार थोडे आहे. माशीमाराच्या बाबतीत हिरवी झाक राहिली तरी कोणी त्याला दुसरा पक्षी म्हणणार नाही, म्हणून तिथे तुमची आवड चालेल, मलप्रभाकाठ. पर्णवटवट्याच्या बाबतीत ती चालणार नाही. गुरुजींनी पोटाच्या मास्कविषयी जे लिहिले ते तपासून पाहिले आणि ते बरोबर आहे. तरीही संपूर्ण पक्ष्याच्या मास्कमध्ये मी टिंट तुमच्यापेक्षा अधिक नेईन.

आता फांदीचा विषय काढते, कारण तो कोणीतरी काढायलाच हवा. मूळ फाइलमध्ये शेपटीच्या टोकावरून एक बारीक काटकी तिरपी गेली आहे. संपादित चित्रांत ती नाही. ती क्रॉपमध्ये गेली की क्लोन करून (शेजारचा भाग तिच्यावर चिकटवून) काढली?

मलप्रभाकाठ

क्रॉपमध्ये गेली. शेपटीचे टोक आणि काटकी जिथे भेटतात तिथेच चौकटीची कड येत होती, म्हणून उजवीकडून एवढे कापले की काटकी बाहेर राहिली आणि शेपटी पूर्ण आत राहिली. क्लोन किंवा हील वापरले नाही. सेन्सरवरच्या धुळीचा एक ठिपका मात्र वर डावीकडे होता, तो काढला.

निपाणीचे गुरुजी

हे स्पष्ट केले ते बरे झाले. निसर्गछायाचित्रणाच्या स्पर्धांत भाग घेणाऱ्यांनी एक नियम पाठच करावा. फियाप (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ), फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तिन्ही संस्थांनी निसर्गछायाचित्राची एक सामाईक व्याख्या स्वीकारली आहे. तिच्यानुसार क्रॉपखेरीज अन्य कोणत्याही मार्गाने चित्रात घटक घालणे, हलवणे, बदलणे किंवा काढणे मान्य नाही. धुळीचे ठिपके, डिजिटल नॉइज आणि फिल्मवरचे ओरखडे काढायला मुभा आहे. म्हणजे धागाकर्त्याने जे केले ते सर्व नियमात बसते, आणि तीच काटकी क्लोनने काढली असती तर बसले नसते.

माझे वैयक्तिक मत नियमापेक्षा थोडे कडक आहे. काटकी आहे म्हणून तो पक्षी तिथे बसला. दाट रानातले छोटे पक्षी सहसा उघड्यावर बसत नाहीत. त्यांना आडोसा लागतो. शिंपी किंवा सुभग या पक्ष्यांचे प्रत्येक चित्र मोकळ्या फांदीवर आणि गुळगुळीत पार्श्वभूमीवर दिसू लागले, तर पाहणाऱ्याला त्यांच्या राहण्याविषयी चुकीची कल्पना मिळते. चोचीवरून किंवा डोळ्यावरून काटकी गेली असेल तर ते चित्र बाजूला ठेवावे. शेपटीवरून गेली असेल तर ती असू द्यावी आणि समीक्षकांनीही तिला दोष म्हणू नये.

घटप्रभातीर

गुरुजींशी सहमत, एका पुस्तीसह. घरासाठी किंवा नातलगांना देण्यासाठी कोणी काटकी काढली आणि तसे लिहून ठेवले, तर माझी हरकत नाही. लिहून ठेवणे महत्त्वाचे, कारण चित्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि पुढे कोणी ते नोंद म्हणून वापरेल हे सांगता येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या नॉइज काढण्याच्या साधनांविषयीही इथे लिहिले पाहिजे. आयएसओ ३२०० ची फाइल ती डोळ्यांत भरेल इतकी स्वच्छ करतात. पण जिथे तपशील मुळातच नव्हता, उदाहरणार्थ डोळ्यामागचा काळोखा गाल, तिथे ती स्वतःच्या अंदाजाने पिसांचे तंतू रचतात. हे तंतू एकाच दिशेचे, फार नियमित असतात. खरी पिसे गालावर लहान आणि विस्कळीत असतात. धागाकर्त्याच्या दुसऱ्या संपादनात मानेच्या बाजूला मला असे काहीसे दिसते. नॉइज काढण्याची मात्रा निम्मी करून पाहावी. रंगांचा नॉइज, म्हणजे ते लाल-हिरवे ठिपके, पूर्ण काढले तरी चालतात. उजेडाच्या नॉइजची बारीक रवाळी राहिली तर चित्र अधिक खरे दिसते. आणि पार्श्वभूमीला शार्पनिंग मुळीच देऊ नये, मास्किंगने ते पक्ष्यापुरते रोखावे. अन्यथा मऊ पानांवर किडे वळवळल्यासारखा पोत येतो.

नवीन सदस्य, खानापूर

सर्वांचे प्रतिसाद वाचून खूप शिकायला मिळते आहे. माझ्याकडे घराजवळच्या झाडावरील शिंप्याच्या घरट्याचे चित्र आहे. घरट्यासमोर दोन पाने येतात, त्यामुळे पिल्ले नीट दिसत नाहीत. संपादनात ती पाने पुसट करता येतील का, की पुढच्या वेळी पाने थोडी बाजूला बांधून चित्र घ्यावे? कृपया मार्गदर्शन करावे.

रानवाट

पाने बांधू नका, कापू तर मुळीच नका. तुम्ही आधी विचारले हे फार चांगले केले. शिंपी पाने शिवून घरटे करतो, कारण तो आडोसा कावळ्यापासून, भारद्वाजापासून आणि दुपारच्या उन्हापासून पिल्लांना वाचवतो. आडोसा तासभर जरी उघडा राहिला, तरी कावळ्याला जागा कळते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येत येते. भीमगडसारख्या अभयारण्याच्या हद्दीत तर छायाचित्रणासाठी प्रवेशाचीही परवानगी लागते, ती कलम २८ खाली.

ते चित्र इथे समीक्षेसाठी न टाकण्याची विनंती करते. तुमचे चित्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. घरट्याच्या चित्रांना प्रतिसाद मिळू लागले की आणखी लोक घरटी शोधायला निघतात. तोच शिंपी सकाळी कुंपणावर अळ्या शोधताना टिपा, शेपटी उभारलेली असताना. त्याची समीक्षा आम्ही आनंदाने करू. ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला जवळ बोलावून घेतलेल्या चित्रांबाबतही माझे मत हेच आहे, विशेषतः विणीच्या दिवसांत.

नवीन सदस्य, खानापूर

मनापासून आभार, ताई. चित्र टाकणार नाही, आणि घरट्याकडे जाणेही थांबवतो. कुंपणावरच्या शिंप्याचे चित्र आज सकाळी घेतले आहे; ते घराच्या भिंतीवर लावायचे आहे. मोबाइलवर संपादन करतो तेव्हा रंग सुंदर दिसतात, छापून आले की पक्षी काळवंडलेला येतो. यात चूक कुठे होते?

शहापूरचे छपाईकाका

हा प्रश्न आमच्या टेबलावर रोजच येतो, त्यामुळे उत्तर देतो. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो आणि बहुतेक वेळा तो पूर्ण उजळवलेला असतो. कागद मात्र खोलीतला उजेड परत फेकतो, त्याहून अधिक त्याच्याकडे काही नाही. छपाईसाठी संपादन करताना पडद्याची उजळता ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर ठेवावी असे सांगितले जाते. मोबाइलवर हे मोजता येत नाही, म्हणून निदान उजळता निम्म्यावर आणून आणि स्वयंचलित उजळता व रात्रीचा पिवळा पडदा बंद करून मग शॅडो ठरवावेत. शक्य झाल्यास संगणकावर संपादन करावे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअरे विनामूल्य आहेत आणि छोट्या पक्ष्यांच्या कामाला पुरेशी आहेत.

फाइल देताना कलर स्पेस (फाइलमधल्या रंगांची व्याप्ती) एसआरजीबी ठेवावी. अडोबी आरजीबीत दिलेली फाइल, यंत्रावर प्रोफाइल नीट ओळखले गेले नाही, तर फिकी छापून येते आणि हिरव्या-निळ्याचा सर्वाधिक तोटा होतो. गुरुजींनी १९०० पिक्सेलांचा हिशेब दिला आहे, तो छपाईला असा लागू होतो : इंचाला ३०० ठिपके धरले तर तो माशीमार कागदावर सुमारे १६ सेंमी लांब येतो, म्हणजे प्रत्यक्ष पक्ष्यापेक्षा मोठा. ए-४ कागदाला लांबीकडून ३५०८ पिक्सेल लागतात, त्यामुळे त्याला भोवती भरपूर रान ठेवूनही पुरते. फुलटोच्या ७०० पिक्सेलांचा असेल तर तो ६ सेंमीच छापावा. ओढून मोठा करू नये.

चकचकीत कागदावर शिंजिराची चमक आणि माशीमाराचा निळा चांगला उतरतो. मॅट कागदावर काळे भाग एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ज्या गालाविषयी इथे चर्चा झाली तो मॅटवर पुन्हा काळा होईल. मॅट हवाच असेल तर शॅडो आणखी थोडे उचलून द्या.

हिरव्या झाकेविषयी माझे मत विचाराल, तर कागदावर ती पडद्यापेक्षा जास्त बोचते. कागदाचा कोरा पांढरा रंग कडेला असतो आणि नजर पोटाची तुलना त्याच्याशी करते. म्हणून पडद्यासाठी मलप्रभाकाठ यांचे दुसरे संपादन आणि छपाईसाठी रानवाटताईंच्या मापाचा टिंट, अशा दोन फाइली कराव्यात. पूर्ण ए-४ छापण्याआधी एक चाचणीची पट्टी काढून घ्या. तिच्यात पोट, गाल आणि मागची पाने एवढे तीन भाग आले की पुरे. ती पट्टी दुकानातल्या दिव्याखाली न पाहता दिवसा खिडकीजवळ पाहा, थेट उन्हात नको. छपाईचे रंग तपासण्यासाठी ५००० केल्विनचा उजेड प्रमाण मानतात, आणि दुपारचा खिडकीतला उजेड आपल्या कामापुरता त्याच्या जवळ जातो. त्यानंतर बदल सांगा, मग मोठी प्रत काढू.